जांभळ्या किनारीची फडकी

आमच्या इमारतीत कुणाच्याही स्वयंपाकघरात डोकावून बघा, ओट्यावरच्या फडक्याला जांभळी किनार असते. पायपुसण्याला जांभळी किनार, पोळ्यांच्या डब्यातल्या रुमालाला जांभळी किनार, वॉचमनच्या खांद्यावरच्या पंच्यालाही जांभळी किनार. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला वाटतं, सोसायटीने मीटिंग घेऊन ठरावच केला असेल. ठराव कुणी केलेला नाही. आमच्याकडे तेंडोलकरकाका आहेत, एवढंच.

काका माझ्या समोरच्या दारात राहतात. नेरूळला, सारसोळे गावाच्या अंगाला आमची इमारत. महाप्याच्या एका कारखान्यात काका मेंटेनन्सला होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कारखान्याला त्यांच्याशिवाय चालायची सवय झाली, त्यांना मात्र कारखान्याशिवाय चालायची अजून झालेली नाही. सकाळी मी लॅपटॉप उघडून कॉलवर बसते न बसते तोच बेल वाजते. दार उघडावं तर काका उंबऱ्यात उभे, या पायावरून त्या पायावर.

"मीनल, कापड आहे का?"

"कसलं कापड, काका?"

"कसलंही. कड सुटलेलं असलं तर उत्तम. ट्रायल घ्यायची आहे."

ट्रायल ओव्हरलॉक मशीनची. ज्यांना शिवणकामाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगते: तुमच्या ब्लाउजच्या किंवा शर्टाच्या आतली शिवण उलटून बघा, कडेला दोऱ्यांची बारीक जाळी दिसेल. ती हे मशीन घालतं. एका हाताने, म्हणजे चाकूने, कड कापतं आणि दुसऱ्या हाताने ती दोऱ्यात गुंडाळतं, म्हणजे कापडाचं सूत सुटत नाही. कापताना तूस उडतं, ते तेलाला चिकटून मशीनच्या पोटात गोळा होतं. म्हणून मशीन साफ करावं लागतं. साफ केल्यावर तेल द्यावं लागतं. तेल दिल्यावर जादाचं तेल निघून जाण्यासाठी टाकाऊ कापडावर थोडं चालवावं लागतं. इथपर्यंत सगळं शहाण्या माणसाचं आहे. पुढची गोष्ट अशी की काका मशीन रोज साफ करतात.

रोज साफ म्हणजे रोज तेल, रोज तेल म्हणजे रोज ट्रायल, आणि रोज ट्रायल म्हणजे रोज कापड. घरातली चिंधी न् चिंधी संपल्यावर त्यांनी आमच्या घरांकडे मोर्चा वळवला. माझी एकही चादर आता कड सुटलेली राहिलेली नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, एवढं शिवता तर एखादा परकर तरी शिवा की." काका दुखावले. म्हणाले, "मी शिवत नाही. मी ट्रायल घेतो." आणि कोपऱ्यात तेलाचा बारीक डाग पडलेला माझा नॅपकिन माझ्या हातात ठेवून निघून गेले. तो डाग जात नाही. इमारतीतल्या प्रत्येक फडक्यावर तो आहे.

सफाई बघण्यासारखी असते आणि बघावीच लागते, कारण काका कुणालातरी बोलावून घेतातच. आधी प्लग काढायचा. काढलेला प्लग खाली टाकायचा नाही, दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायचा. हा कारखान्यातला संस्कार. "ज्याचा हात मशीनमध्ये, त्याचा प्लग भरवशाच्या माणसाच्या हातात," असं काका म्हणतात. मग झाकण उघडायचं. मग जुना टूथब्रश, माझ्या लेकीचा, सईचा, गालांवर लाली लावायचा ब्रश (तो 'दोन मिनिटांसाठी' नेला होता), बारीक चिमटा, आणि एक टॉर्च जो त्यांच्या दातांत असतो. टॉर्च दातांत धरूनच ते बोलतात, त्यामुळे अर्धं व्याख्यान कळत नाही. जे कळतं ते असं:

"फुंकर मारायची नाही! फुंकरेत पाणी असतं. फुंकर चहाला."

फुंकर नाही म्हणून एकदा त्यांनी माझा व्हॅक्यूम क्लीनर नेला. त्याच्या तोंडाला नारळपाण्याची स्ट्रॉ चिकटवून मशीनच्या पोटात घातली. तूस आलं, त्याबरोबर एक स्क्रू पण आत गेला. तो इतका बारीक की त्याने मोहरीला 'ताई' म्हणू नये, 'मावशी' म्हणावं. आम्ही दोघांनी माझ्या हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं, क्लीनरची पिशवी त्यावर उपडी केली आणि माझ्याच घरची महिनाभराची धूळ चाळत बसलो. स्क्रू सापडला. काका खूश होऊन म्हणाले, "बघ, तुझी पिशवीही साफ झाली." त्या दिवशी माझ्या ऑफिसच्या कॉलवर मी फक्त शिंकत होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतबाईंनी एकदा त्यांच्या शिलाई मशीनला खोबरेल घातलं. मशीनचं तेल संपलं होतं, बाईंनी कपाटातली बाटली उचलली. थंडीत ते खोबरेल आत थिजलं आणि मशीन ठप्प. काका ते बघून मटकन बसलेच, आणि काका बसलेले मी फार कमी वेळा बघितले आहेत. "बाई, मशीन म्हणजे काय वेणी आहे का हो?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग दोन दिवस ते सावंतबाईंकडे मुक्कामाला असल्यासारखे होते. सावंतबाई अजूनही खोबरेलाची बाटली पदराआड लपवून नेतात.

आपण कापड दिलं तरी ते सरळ मशीनवर जात नाही. काका फ्रीजवरचा लोहचुंबक काढून त्यावरून फिरवतात. टाचणी राहिली असेल आणि चाकूखाली गेली तर चाकू मेला. मी एकदा ओढणी दिली, तर त्यांनी चुंबक ओढणीवरून फिरवता फिरवता माझ्या खांद्याच्या सेफ्टी पिनेपर्यंत आणला. मॉलच्या दारातसुद्धा मला कुणी इतकं तपासलेलं नाही.

आणखी एक शास्त्र त्यांच्याकडे आहे. सईच्या नव्या कुर्त्याची शिवण उसवली म्हणून मी दुकानदाराला शिव्या घालत होते. काकांनी दोरा डोळ्याजवळ धरला. "दुकानदाराला कशाला? तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजारतं. कापलेल्याचं सरळ असतं. हे बघ, सरळ आहे. तुझ्या पोरीने लेबल काढायला कात्री घातली." सई आत पळाली, म्हणजे खरं होतं. तेव्हापासून मी दोऱ्याची टोकं बघते. काकांच्या शेजारी राहिलं की असले रोग लागतात.

तर हा माणूस एका जागी राहत नाही. चहा उभ्याने पितो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून हमरीतुमरी चाललेली असते आणि काका पुढच्या माणसाच्या खुर्चीचा नट आवळत असतात. माझ्याकडे आले की बोलता बोलता दाराची बिजागरी हलवून बघतात, नळाची चकती चाचपतात. त्यांचं आवडतं वाक्य: "बंद पडल्यावर कुणीही येतो. बंद पडूच देत नाही तो मेंटेनन्स." मी म्हणते, "काका, जरा टेका हो." ते म्हणतात, "हो हो," आणि माझ्या पंख्याकडे बघायला लागतात.

हे सगळं मी हसत हसत सांगते, पण मशीन काकांचं नाही. मशीन शैलाकाकूंचं आहे.

शैलाकाकू म्हणजे त्यांची बायको. अर्ध्या नेरूळचे ब्लाउज काकूंनी शिवले. माझ्या सईचे झबल्यापासूनचे फ्रॉक त्यांचेच. काकू मशीनवर बसल्या की घरात दुसरा आवाज चालायचा नाही. काका काही बोलायला लागले की त्या पायाने पेडल दाबायच्या आणि काकांचं वाक्य त्या घरघरीत बुडून जायचं. आठवड्यातून एकदा काका मशीन साफ करायचे, प्लग काकूंच्या हातात. काकू एका हातात प्लग आणि दुसऱ्या हातात चहा घेऊन सूचना द्यायच्या. जोडी बघायला मजा यायची.

मग काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. हा दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने दिसणं कमी होत जातं आणि माणसाला वाटतं उजेडच कमी आहे. निघाला तेव्हा बराच उशीर झाला होता. आता काकूंना समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून.

त्यांनी शेवटचा शिवलेला ब्लाउज मंजुळाचा. मंजुळा सारसोळ्याची, मासळी घेऊन आमच्याकडे येते. तिच्या मुलाचं लग्न होतं, साडी जांभळी, म्हणून मशीनवर जांभळे दोरे. ओव्हरलॉकला चाकू असतो हे मी सांगितलंच. काकूंना कड दिसली नाही, कापड सरकलं, आणि चाकूने बाही आतपर्यंत कापली. साध्या मशीनवर चुकलं तर उसवता येतं. हे कापलेलं परत कुठून आणणार? मंजुळा तरीही लग्नात पदर खांद्यावरून लपेटून तोच ब्लाउज घालून मिरवली. पण काकूंनी देतानाच बोटांनी बाही चाचपली होती. त्यानंतर त्या मशीनवर बसल्या नाहीत. बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या, बाहेर तोंड करून.

जांभळे दोरे मशीनवर तसेच राहिले. त्याला काकूंचाच नियम कारण. ओव्हरलॉकला चार दोरे, त्यांतले दोन खाली मशीनच्या पोटात वाकडे हात असतात त्यांना ओवायचे. त्या हातांना लूपर म्हणतात. वाट इतकी आडवळणाची की नवखा माणूस रडतो. म्हणून दोरा कधी पूर्ण काढायचा नाही. रंग बदलायचा असेल तर जुन्याला नवीन दोरा गाठ मारून जोडायचा आणि हळूच ओढून घ्यायचा. काका तो नियम देवाच्या दिव्यासारखा पाळत होते. जांभळं रीळ संपलं की पुन्हा जांभळंच आणायचे आणि गाठ मारायचे. सफाईसुद्धा दोरे न काढता, म्हणजे नेसलेल्या साडीला इस्त्री करण्यातला प्रकार. आणि सफाई करताना प्लग काकूंच्या हातात. काकू प्लग धरायच्या, सूचना मात्र द्यायच्या नाहीत. काका मशीनमधून वर न बघता विचारायचे, "अगो, बसतेस का जरा? मी कापड धरतो." काकू म्हणायच्या, "मला दिसत नाही. मला बोलावू नका."

एकदा मी न राहवून काकांना म्हटलं, "काका, रोज कशाला? मशीन चालत नाही, तर घाण कुठून होणार?"

ते माझ्या दाराला तेल घालत होते. बिजागरी करकरत नव्हती, तरी. एकदम भडाभडा बोलायला लागले. "ती सांगत होती गो. सांगत होती, मशीनवर उजेड कमी पडतो. मी बल्ब बदलला. महिन्याने पुन्हा तेच. मी मोठा बल्ब आणला. मग एलईडीची पट्टी लावली, वरून टेबललॅम्प. सगळं घर सर्कशीसारखं उजळून टाकलं. मशीनला दर आठवड्याला तेल दिलं आणि हिचे डोळे एकदा तपासून आणले नाहीत. मेंटेनन्सचा माणूस मी! बल्ब बदलत बसलो." आणि तेलाची कुपी घेऊन तडक जिना उतरून गेले. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही. मी दारात उभी राहिले. मला रडू आलं हे सांगायला लाज कशाला वाटावी?

मागच्या महिन्यात एका सकाळी काकांची बेल वाजली, पण कापडासाठी नाही. चेहरा उतरलेला. "तिने प्लग खाली ठेवला," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग समजलं. काका सफाईला बसले, नेहमीप्रमाणे प्लग दिला, आणि काकूंनी तो जमिनीवर ठेवून दिला. "मी आता हा धरणार नाही," त्या म्हणाल्या. "रोज रोज त्या मशीनची सेवा कशाला? मंजुळाच्या सुनेला देऊन टाका. शिवणाचा क्लास केलाय तिने. सासूचा ब्लाउज मी बिघडवला, सुनेला मशीन तरी जाऊ दे."

म्हटलं तर चांगलाच विचार. मशीन कामाला लागणार होतं, आणि सोसायटीचीही जांभळ्या फडक्यांतून सुटका. पण काकांकडे बघवत नव्हतं. पुढचे काही दिवस ते इमारतीत नुसते वरखाली करत होते. मीटर रूममध्ये जात, गच्चीवर जात, टाकीचं झाकण उघडत, लावत. कापड मागायला कुणाकडे गेले नाहीत. सावंतबाईंनी खाली मला अडवून विचारलं, "बरं नाही का त्यांना? माझ्याकडे दोन पायपुसणी काढून ठेवली होती मी." लोकांना काय, सवय होते.

"मशीन गेलं की ती पुरती त्या खुर्चीतच राहणार," काका मला म्हणाले. "मशीन आहे तोवर कुरकुर तरी करते माझ्यावर."

"मग सांगा ना त्यांना तसं."

"सांगून ऐकणारी आहे का ती? मी कधी ऐकलं तिचं?"

रविवारी सकाळी बेल. "चल. हँडओव्हर आहे. साक्षीला कुणीतरी पाहिजे." इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशात कात्री, चिमटा, टॉर्च, ब्रश.

त्यांच्या हॉलमध्ये मंजुळा आणि तिची सून प्रणाली आलेल्या. मंजुळाने रिकामी पाटी दाराबाहेर ठेवली होती. "काकू, ही आनली बगा मी सुनेला. लय हाऊस हाय तिला शिवनाची," ती बाल्कनीकडे बघून म्हणाली. काकूंनी मान हलवली. खुर्ची बाहेर तोंड करूनच होती.

प्रणाली लाजत म्हणाली, "काका, एकदा चालवून दाखवा ना. क्लासमध्ये आम्हाला ओवलेलीच मशीन मिळायची."

"दाखवतो की. ट्रायलशिवाय काका काही देत नाही." काकांनी चिंधी घातली, पेडल दाबलं. मशीन दोन बोटं चाललं असेल नसेल, आणि टक्. दोरा तुटला.

मी बघतच राहिले. काकांच्या मशीनवर? टक्?

"असू दे," काका म्हणाले. दातांत टॉर्च धरला, वाकले, खालच्या लूपरला दोरा ओवला. बराच वेळ लागला. चिंधी, पेडल, टक्. पुन्हा वाकले, पुन्हा ओवला. पुन्हा टक्.

"काका, मशीन खराब झाली काय?" मंजुळा काळजीने म्हणाली. प्रणाली सासूकडे बघायला लागली. माझी मात्र चुळबुळ सुरू झाली. ज्या माणसाने माझ्या मिक्सरचा आवाज लिफ्टमधून ऐकून भांड्याचं रबर गेलंय सांगितलं, त्याला एक दोरा सापडू नये? वाटलं, हात थरथरतात की काय यांचे. वाटलं, मीच पुढे होऊन "राहू दे" म्हणावं.

तेवढ्यात चौथ्यांदा टक् झालं आणि बाल्कनीतून आवाज आला.

"अहो, सुया रिकाम्या केल्यात का?"

काकांनी टॉर्च तोंडातून काढला. "सुयांचा काय संबंध? दोरा खालचा तुटतोय."

"काय संबंध म्हणे!" काकूंनी खुर्ची वळवली. "सुईत दोरा असताना खालचा ओवला तर तो वरच्यात अडकतो. तुटणार नाही तर काय गाणं म्हणणार? आधी लूपर, मग सुया. हजारदा सांगितलंय."

"सांगितलं असशील. विसरलो. वय झालं माझं."

तेंडोलकरकाकांच्या तोंडून 'वय झालं' हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"सरका तिकडे. ऐकवत नाही मला तो आवाज," काकू म्हणाल्या आणि उठल्या. भिंतीला हात लावत, फ्रीजला, मग टेबलाच्या कडेला. कुणी पुढे झालं नाही. त्या स्टुलावर बसल्या, दोन्ही हात मशीनवर ठेवले आणि क्षणभर तशाच राहिल्या. मग चाचपडत वायर ओढली, प्लग काढून घेतला आणि हात बाजूला केला.

"हा धरा."

काकांनी प्लग घेतला. दोन्ही हातांनी. आणि उभे राहिले, एका जागी, दोन्ही पायांवर. काहीही न आवळता, न हलवता. मी त्यांच्या शेजारी इतकी वर्षं राहते, असं कधी पाहिलं नव्हतं.

काकूंनी सुया रिकाम्या केल्या. मग बोटं दोऱ्यामागून निघाली, या कड्यातून, त्या आकड्याखालून, कुठे न थांबता. लूपरपाशी मात्र थांबली. "प्रणाली, इकडे ये. चिमटा घे. माझ्या बोटाच्या टोकाशी भोक आहे. दिसतंय?"

"हो काकू."

"घाल. मागून पुढे. ओढ आता. असं. आता वाट लक्षात ठेव, पुन्हा काढून तुझ्याकडून ओववून घेणार आहे मी."

सगळे दोरे झाले तेव्हा काकूंनी चिंधी मागितली. "लावा प्लग." काकांनी लावला. मशीन चाललं. चाललं आणि चालत राहिलं, चिंधी संपून पुढे नुसत्या दोऱ्यांची जांभळी साखळी बाहेर येत राहिली तरी काकूंचा पाय पेडलवरून निघेना. मंजुळाने तोंडाला पदर लावला होता. काकूंनी अंगठ्याने कड चाचपली. "वरचा सैल आहे. अर्धा आटा आवळा." काकांनी आवळला.

मग काकू प्रणालीला म्हणाल्या, "आज नाही मिळायचं मशीन. रोज दुपारी ये इथे. ओवता यायला लागलं, साफ करता यायला लागलं, की ने."

"म्हंजे, काकू, किती दिस?" मंजुळाने विचारलं.

"ते तिच्या हातावर आहे."

मंजुळा थोडी घुटमळली. मग हळूच म्हणाली, "मंग माजा त्यो जांबला बिलाउज बी आनू का? बाही बदलाला? पोरगी कापल, तुमी सांगा."

काकूंनी हात मशीनवरून मांडीवर घेतले. मला वाटलं, झालं, आता उठतात. पण त्या म्हणाल्या, "आण. कापड मिळतंजुळतं बघून आण."

त्या दोघी गेल्या. मी पण निघाले. दाराजवळ वाकून चप्पल घालताना टेबलाखाली जांभळ्या दोऱ्यांचा झुबका दिसला. सकाळी मशीनमधून निघालेला असणार, कारण पाहुण्यांसमोर तुटलेले तुकडे तर मशीनजवळच पडले होते. सवयीने उचलला. चार दोरे, चारही एकाच लांबीचे. टोकं उजेडात धरली. एकही पिंजारलेलं नव्हतं. चारही सरळ, कात्रीने कापल्यासारखी.

काकूंचा नियम काकांनी स्वतःच्या हाताने मोडला होता. आयुष्यभर ज्या माणसाने काही बंद पडू दिलं नाही, त्याने काकूंनी ओवलेले दोरे कापून काढले होते, मुद्दाम उलटे ओवले होते, आणि आम्हा सगळ्यांसमोर चार वेळा स्वतःची शोभा करून घेतली होती.

मी वर बघितलं. काका समोर उभे होते. त्यांनी माझ्या हातातून झुबका काढून घेतला आणि शर्टाच्या खिशात, कात्रीच्या शेजारी, नीट घडी करून ठेवला. खिशावरून हात फिरवला.

"काय बघतेस?" हळू आवाजात म्हणाले. "ट्रायल होती."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, पेडल दाबून काकांना गप्प करायच्या त्या जुन्या दिवसांतला.

"अहो! या इकडे, प्लग धरा. आत बोट घातलं तर तुसाचा हा एवढा गोळा निघाला. रोज काय साफ करत होतात तुम्ही?"

"आलो, आलो," काका म्हणाले आणि मला दाराबाहेर जवळजवळ ढकलूनच आत पळाले.